अँटिबायोटिकनंतर लागणारे जुलाब : धोका कधी आणि काळजी कशी घ्यावी?

समजा, गुहागर तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आजींना पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. चिपळूणच्या रुग्णालयात आठ दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक दिले गेले. ताप उतरला, आजी घरी आल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांना जुलाब लागले. घरच्यांना वाटले, पावसाळ्याचे पाणी बाधले. मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या आणल्या, जुलाब बांधणारी गोळीही दिली. दिवसभर बरे वाटले. मग पोट फुगले, पुन्हा ताप भरला आणि लघवी कमी झाली.

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी घरोघरी घडू शकते. आजींच्या जुलाबाचे मूळ पाण्यात नसून आधी घेतलेल्या अँटिबायोटिकमध्ये असू शकते, ही शंका वेळेवर आली तर पुढचा सगळा प्रवास बदलतो. म्हणूनच हा आजार ओळखायचा कसा, घरी काय करायचे आणि मुळात तो टाळायचा कसा, हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

आतड्यात नेमके काय होते?

निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते अन्नाचा न पचलेला भाग फोडतात आणि जागा अडवून बाहेरच्या जंतूंना थारा देत नाहीत. शेतात भात दाट उभे असले की तणाला डोके वर काढता येत नाही, तसेच हे. अँटिबायोटिक रोगाच्या जंतूला मारते, पण त्याबरोबर आतड्यातले हे उपयोगी जिवाणूही मोठ्या प्रमाणात मरतात. शेत मोकळे झाले की तण माजते.

या तणांपैकी सर्वांत त्रासदायक जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. डॉक्टर त्याला थोडक्यात 'सी. डिफ' म्हणतात. १९३५ मध्ये हॉल आणि ओटूल या अमेरिकी संशोधकांनी तो नवजात बाळांच्या शौचात शोधला. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड म्हणून त्याला 'डिफिसिल' हे नाव पडले. तो माणसाला आजारी पाडतो हे कळायला पुढे चार दशके लागली. १९७४ मध्ये अमेरिकेत क्लिंडामायसिन घेतलेल्या २०० रुग्णांवर लक्ष ठेवले गेले, तेव्हा त्यांतल्या सुमारे २१ टक्के रुग्णांना जुलाब झाले आणि १० टक्के रुग्णांच्या आतड्यावर पिवळसर चट्ट्यांचा थर आढळला. त्याचे कारण सी. डिफ आहे हे १९७८ मध्ये सिद्ध झाले.

हा जंतू दोन विषे तयार करतो. ती आतड्याच्या अस्तराला इजा करतात, आतडे सुजते आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. प्रतिकूल काळात हा जंतू कडक कवचाचे बीजाणू बनवून राहतो. हे बीजाणू संडासाच्या कड्या, पलंग, फरशी यांवर अनेक महिने टिकतात आणि हातांवाटे तोंडात जातात. अँटिबायोटिकने आतडे मोकळे झालेले असताना ते पोटात गेले, तर त्यांना रुजायला जागा मिळते.

प्रत्येक जुलाब सी. डिफचा नसतो

अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते ३० टक्के लोकांना कमीजास्त जुलाब होतात. त्यांतल्या बहुतेकांमध्ये कोणताही नवा जंतू नसतो. काही औषधे आतड्याची हालचाल वाढवतात. उपयोगी जिवाणू घटल्यामुळे काही पदार्थ नीट पचत नाहीत. असे जुलाब सौम्य असतात आणि औषध थांबल्यावर काही दिवसांत आपोआप बंद होतात. अँटिबायोटिकनंतरच्या एकूण जुलाबांपैकी साधारण १० ते २५ टक्क्यांमागे सी. डिफ असतो. उपयोगी जिवाणू घटलेल्या आतड्यात साल्मोनेलासारखे इतर जंतूही सहज शिरकाव करतात.

पुढील गोष्टी आढळल्यास सी. डिफची शंका घ्यावी :

– चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, आणि तसे एकाहून जास्त दिवस चालू राहणे.
– सध्या अँटिबायोटिक चालू असणे किंवा गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेले असणे. बहुतेक रुग्णांना पहिल्या महिन्यातच त्रास होतो.
– पोटात खालच्या बाजूला कळ, ताप, भूक मरणे.
– अलीकडे रुग्णालयात राहून आलेले असणे.

सी. डिफमध्ये शौचात रक्त सहसा दिसत नाही. त्यामुळे 'रक्त नाही म्हणजे साधेच आहे' असे मानू नये.

धोका कोणाला जास्त?

पासष्टीपुढचे लोक, रुग्णालयात बरेच दिवस राहिलेले, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले, केमोथेरपी घेणारे, आतड्याची सूज असलेले आणि ज्यांना पूर्वी सी. डिफ होऊन गेला आहे असे रुग्ण जास्त धोक्यात असतात. ऍसिडिटीवरच्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही हा आजार अधिक आढळतो. आपल्याकडे अँटिबायोटिकसोबत अशी गोळी सवयीने लिहिली जाते. तिची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

एक वर्षाखालच्या बाळांच्या आतड्यात हा जंतू आजार न करता राहत असतो. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या जुलाबासाठी ही तपासणी सहसा केली जात नाही.

जवळजवळ कोणतेही अँटिबायोटिक याला निमित्त ठरू शकते. त्यातही क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन-ऑफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन हा गट, सेफिक्झिम आणि सेफ्ट्रियाक्झोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट आणि रुग्णालयात दिली जाणारी मेरोपेनेमसारखी औषधे यांत धोका जास्त. डॉक्सिसायक्लिनमध्ये तो कमी असतो.

आता आजींच्या जुलाबासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांकडे पाहावे. आपल्याकडे जुलाबावर चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल असते. त्यातले ऑफ्लॉक्सासिन हे सी. डिफला वाट मोकळी करणाऱ्या गटातलेच आहे. म्हणजे ज्या कारणाने जुलाब लागले असण्याची शक्यता होती, त्याच कारणात घरच्यांनी भर घातली.

जुलाब लागल्यावर घरी काय करावे?

पहिला धोका शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. म्हणून जंतू कोणता हे ठरण्याची वाट न पाहता ओआरएस सुरू करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार बनवलेले मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असा हिशेब करू नये. पूड नीट वाटली जात नाही. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे, घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने द्यावे.

सोबत मीठ घातलेली भाताची पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, केळे द्यावे. उपाशी ठेवू नये. गोड सरबते, बाटलीबंद शीतपेये आणि डब्यातले फळांचे रस टाळावेत. जास्त साखरेने जुलाब वाढतात. कोकम सरबतही ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

लहान मुलांना जुलाबात ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम आणि त्याखालच्यांना १० मिलिग्रॅम हे प्रमाण आहे. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ओआरएस आणि जस्ताबद्दल विचारावे.

काय करू नये?

– लोपेरामाइडसारखी जुलाब बांधणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. आतड्याची हालचाल थांबली की विष आतच साठते, पोट फुगते आणि आजार गंभीर होऊ शकतो. आजींच्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता आहे.
– उरलेले किंवा शेजाऱ्याचे अँटिबायोटिक घेऊ नये.
– चालू असलेले अँटिबायोटिक परस्पर बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांना त्याच दिवशी फोन करावा. थांबवायचे, बदलायचे की चालू ठेवायचे हे मूळ आजारावर अवलंबून असते.
– रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जुलाबाच्या काळात त्या घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारावे.

दवाखान्यात कधी जावे आणि काय सांगावे?

अँटिबायोटिकनंतरचे जुलाब दोन दिवसांत कमी झाले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. वय साठ-पासष्टच्या पुढे असेल तर तेवढेही थांबू नये. ताप, पोट फुगणे, तीव्र पोटदुखी, शौचात रक्त, सात-आठ तास लघवी न होणे, गुंगी, उभे राहताच चक्कर, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. भरपूर जुलाब होत असताना ते एकाएकी थांबले आणि पोट ताणले गेले, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. आतड्याची हालचाल बंद पडल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना पहिलेच वाक्य सांगावे ते हे : 'गेल्या तीन महिन्यांत अमुक अँटिबायोटिक घेतले होते.' नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटे, केस पेपर किंवा डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. मुंबईत उपचार घेऊन गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण गावातल्या डॉक्टरांना आधीच्या उपचारांची माहिती मिळण्याचा तेवढाच मार्ग असतो.

तपासणी आणि अंतराचा प्रश्न

शौचाच्या साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली सी. डिफ ओळखता येत नाही. त्यासाठी जंतूचे प्रथिन आणि त्याचे विष शोधणारी खास तपासणी किंवा पीसीआर करावी लागते. ती मोठ्या प्रयोगशाळांत होते. नमुना पातळ शौचाचाच लागतो. घट्ट शौच तपासून उपयोग नसतो.

यात एक बारकावा गुहागरसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचा आहे. सी. डिफचे विष साध्या तापमानाला लवकर नष्ट होते. दोन तासांतही ते सापडेनासे होऊ शकते. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर आहे. हेदवी, वेळणेश्वर किंवा आबलोलीकडून हा प्रवास आणखी वेळ घेतो. एसटीने पिशवीतून नेलेला नमुना पोहोचेपर्यंत तपासणी चुकीने 'निगेटिव्ह' येऊ शकते. म्हणून नमुना स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत घ्यावा, बर्फाच्या डब्यात किंवा बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून न्यावा आणि नमुना घेतल्याची वेळ डबीवर लिहावी. शक्य असेल तर रुग्णालाच तपासणीच्या ठिकाणी नेऊन तिथे नमुना देणे सर्वांत चांगले.

जुलाब थांबल्यावर 'आता गेला का' म्हणून पुन्हा तपासणी करण्याची गरज नसते. रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे तपासणी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते.

उपचार काय असतात?

शक्य असल्यास डॉक्टर निमित्त ठरलेले अँटिबायोटिक थांबवतात किंवा कमी धोक्याचे देतात. त्यानंतर सी. डिफवरचे औषध सुरू होते. अँटिबायोटिकमुळे झालेल्या आजारावर पुन्हा अँटिबायोटिकच, हे विचित्र वाटते. पण ते नेमके या जंतूवर काम करणारे असते. फिडॅक्सोमिसिन किंवा तोंडावाटे दिले जाणारे व्हँकोमायसिन ही मुख्य औषधे आहेत. प्रौढांना व्हँकोमायसिन सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस देतात. शिरेतून दिलेले व्हँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही, म्हणून ते पोटातूनच द्यावे लागते. ही औषधे मिळत नसतील आणि आजार सौम्य असेल तर मेट्रोनिडाझोल वापरतात.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर गेल्या किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर गेले तर आजार गंभीर समजतात. रक्तदाब घसरला किंवा आतडे फुगून ताणले गेले तर अतिदक्षता विभाग, आणि क्वचित शस्त्रक्रियाही लागते. म्हणून गुहागर परिसरातल्या गंभीर रुग्णाला चिपळूण, डेरवण किंवा रत्नागिरीला हलवण्याचा निर्णय रात्र उलटण्याची वाट न पाहता घ्यावा.

बरे झाल्यावरही साधारण पाचांपैकी एका रुग्णाला हा आजार पुन्हा होतो, बहुधा पुढच्या दोन महिन्यांत. वारंवार उलटणाऱ्या आजारात निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार केला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात या उपचाराच्या पहिल्या मात्रेने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ पैकी ४. दात्याची कसून तपासणी करावी लागत असल्याने हा उपचार तज्ज्ञ रुग्णालयातच होतो. घरी त्याचा प्रयोग करणे जिवावर बेतू शकते.

घरात संसर्ग पसरू नये म्हणून

करोनाकाळात घरोघरी आलेले सॅनिटायझर इथे उपयोगी पडत नाही. सी. डिफचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय. साबणाने बीजाणू मरत नसले तरी चोळून धुतल्याने हातावरून निघून जातात. शौचानंतर, रुग्णाचे कपडे बदलल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी हात धुवावेत. घरात दोन संडास असतील तर एक रुग्णासाठी ठेवावा, आणि जुलाब थांबल्यावरही दोन दिवस तसाच ठेवावा.

संडासाचे भांडे, कडी, नळ, टमरेल हे आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या द्रावणाने पुसावे. सुमारे पाच टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे द्रावण रोज ताजे करावे आणि दहा मिनिटे पृष्ठभागावर राहू द्यावे. संडास साफ करण्याच्या ऍसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मळलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. नदीवर किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नयेत.

दही-ताक आणि प्रोबायोटिक

दही-ताक हा पोषक आहार आहे आणि बहुतेकांना ते सोसते. मात्र त्याने सी. डिफ टळतो असे म्हणता येत नाही. प्रोबायोटिक गोळ्यांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. अनेक लहान अभ्यास एकत्र पाहिले तर फायदा दिसतो. पण वेल्स आणि इंग्लंडमधील पासष्टीपुढच्या सुमारे तीन हजार रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तो दिसला नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या रुग्णांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधे दूध-दह्यासोबत घेतल्यास नीट शोषली जात नाहीत, म्हणून त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

मुळात टाळायचे कसे?

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरज नसलेले अँटिबायोटिक न घेणे. सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले आणि बरेचसे पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. एकाच विडाल चाचणीवरून टायफॉइडचे निदान करून औषध सुरू करणेही चुकीचे ठरू शकते. इंग्लंडमध्ये २००६ नंतर सी. डिफचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. तिथल्या संशोधकांच्या मते त्यामागे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांचा वापर कमी केल्याचा मोठा वाटा होता.

भारतात १ मार्च २०१४ पासून 'अनुसूची एच-१' लागू आहे. तिच्यातली अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. पाकिटावरची लाल रेघ म्हणजे 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको' अशी खूण. ती घरातल्या प्रत्येकाला ओळखता यावी.

याचा अर्थ अँटिबायोटिकला घाबरून ते नाकारावे असा मात्र नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, आणि त्यात वेळेवर घेतलेले डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन जीव वाचवते. न्यूमोनियातही आजींना अँटिबायोटिक आवश्यकच होते. औषध घेताना चार प्रश्न विचारणे पुरेसे आहे : हे औषध कशासाठी? किती दिवस? ऍसिडिटीची गोळी लागणारच आहे का? आणि जुलाब लागले तर कोणाला फोन करायचा?

आजींच्या घरच्यांना चौथ्या प्रश्नाचे उत्तर माहीत असते, तर जुलाबाच्या पहिल्याच दिवशी ओआरएस सुरू झाले असते, बांधणारी गोळी दिली गेली नसती आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर असते. हा आजार वेळेत ओळखला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून घरात कोणी अँटिबायोटिक घेतले असेल तर औषधाचे नाव आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि पुढचे तीन महिने ती नोंद जपावी.